द्राक्षमळ्यातले पाश्चर

लुई पाश्चर म्हटले की आपल्याला पिसाळलेल्या कुत्र्याची लस आठवते, नाहीतर दूध. धनजसारख्या गावात दुकानातून आणलेल्या दुधाच्या पिशवीवरही ‘पाश्चराइज्ड’ असे छापलेले असते. पण ही प्रक्रिया दुधाआधी झाली ती वाइनवर. तिचे मूळ पूर्व फ्रान्समधल्या ज्युरा डोंगराच्या पायथ्याशी, अर्ब्वा या लहानशा गावात आहे.

पाश्चरांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, दोल गावचा. बालपण मात्र अर्ब्वात गेले. वडील नेपोलियनच्या फौजेतले जुने सैनिक. पुढे कातडी कमावण्याचा धंदा. १८३८ मध्ये लुईला पॅरिसला शिकायला धाडले, तर पोराला कातड्याच्या त्या वासावाचून चैन पडेना. काही आठवड्यांतच वडिलांना जाऊन त्याला परत आणावे लागले.

अर्ब्वाची पिवळी वाइनही जगावेगळी. सावान्यँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची. ती पिंपात सहा वर्षांहून अधिक काळ मुरते. कमी होत गेली तरी वरून भर घालत नाहीत. दुधावर धरावी तशी तिच्यावर यीस्टची साय धरते. इतरत्र उघडी वाइन हवेने आंबून जाते. इथे ती साय तिला सांभाळते. लिटरमागे ६२ सेंटिलिटर उरते असा हिशेब, म्हणून बाटलीही तेवढीच.

फ्रान्सची वाइन मात्र तेव्हा फार बिघडत होती. १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने पाश्चरांना कारण शोधायला सांगितले. ते थेट अर्ब्वाला आले. एका जुन्या कॉफीगृहात प्रयोगशाळा थाटली. उपकरणे गावातल्याच कारागिरांनी बनवली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसले, की प्रत्येक बिघाडामागे एक वेगळा जंतू आहे. उपाय साधा निघाला: बंद बाटली ५० ते ६० अंशांपर्यंत तापवायची. १८६५ मध्ये त्यांनी या रीतीचे पेटंट घेतले आणि ते सगळ्यांना खुले करून टाकले. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हा व्यवहार अजून उमगत नाही. दुधाला ही रीत पुढे इतरांनी लावली.

ही वर्षे घरात मात्र फार वाईट गेली. थोरली मुलगी जान १८५९ मध्ये अर्ब्वातच विषमज्वराने गेली होती, नऊ वर्षांची. १८६५ च्या जूनमध्ये वडील गेले, सप्टेंबरात दोन वर्षांची कामिय. १८६६ च्या मे महिन्यात बारा वर्षांच्या सेसिललाही विषमज्वराने नेले. त्याच साली त्यांचा वाइनवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाइनचे जंतू सापडले होते. विषमज्वराचा जंतू अजून कोणालाच ठाऊक नव्हता. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली, तरी काम सुटले नाही.

१८७४ मध्ये त्यांनी अर्ब्वाजवळ रोझिएरला छोटा द्राक्षमळा घेतला. चार वर्षांनी तो कामी आला. त्यांचे स्नेही, थोर शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार १८७८ मध्ये वारले. यीस्टशिवायही द्राक्षरस आंबतो, अशी त्यांची टिपणे मागाहून छापली गेली. गेलेल्या स्नेह्याला खोटे पाडणे कोणाला आवडेल? पण पाश्चर गप्प बसले नाहीत. त्यांनी वेलींवर काचघरे उभारली, कच्चे घड कापसात गुंडाळले. शरदात उघड्या घडांचा रस आंबला. झाकलेल्यांचा आंबला नाही. म्हणजे यीस्ट द्राक्षाच्या आत नव्हते, बाहेरून येत होते. रोगही असेच बाहेरून येतात, ही त्यांची खात्री याच वाटेने पक्की होत गेली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेल्या हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, ती याच विचाराच्या बळावर.

ते पाहायला पाश्चर नव्हते. २८ सप्टेंबर १८९५ रोजी ते पॅरिसजवळ वारले. पण त्याआधीच्या वर्षापर्यंत उन्हाळ्यात त्यांचा मुक्काम अर्ब्वाला असे. सप्टेंबरच्या आरंभी, आपल्याकडे पोळा येतो त्याच सुमारास, तिथे हंगामातल्या पहिल्या द्राक्षांचा एक भलाथोरला घड बांधून चर्चमध्ये वाजतगाजत नेतात. त्या मिरवणुकीत गावकऱ्यांबरोबर पाश्चरही चालत.