रानाचा वैद्य : डॉ. अलेक्झांडर गिब्सन

दहिवडी-म्हसवडकडील आमचे व्यापारी बंधु अवर्षणाचा दोष नेहमी आभाळास देतात. माण तालुका पर्जन्यछायेतला, हे खरेच. तथापि पडलेले पाणी उघड्या डोंगरावरून मातीसह माणगंगेत वाहून जाते, हा दोष कोणाचा? या प्रश्नाचा विचार मुंबई इलाख्यात सरकारदरबारी प्रथम नेटाने ज्याने लावून धरला, त्या पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

अलेक्झांडर गिब्सन यांचा जन्म इ. स. 1800 त स्कॉटलंडात झाला. एडिंबरो येथे वैद्यकी शिकून 1825 त ते कंपनी सरकारच्या नोकरीत शिरले. मराठी, गुजराती व हिंदुस्थानी या भाषा त्यांनी अवगत केल्या आणि दख्खन व खानदेशात देवी टोचण्याचे काम केले. 1838 त पुण्याजवळील दापोडीचा सरकारी बाग त्यांच्या हाती आला. तेथे ते औषधी वनस्पती वाढवून सरकारी दवाखान्यांस पुरवीत.

रोग्याची नाडी पाहणारा हा वैद्य पुढे भूमीची नाडी पाहू लागला. कोकणात जेथे रान तुटले तेथे झरे आटले, हे फिरतीवर त्यांच्या ध्यानी आले व ते त्यांनी सरकारास वारंवार कळविले. अखेर 1847 त मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. 1860 च्या सुमारास ते निवृत्त झाले. 1861 त डाल्झेल यांच्यासह त्यांनी इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. 1867 त त्यांचे देहावसान झाले.

येथे न्यायाच्या तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. परक्या सरकारास जहाजांसाठी सागवान हवे होते, म्हणून त्याने गिब्सन यांचे ऐकले. डोंगरउतारावर कुमरी करून पोट भरणाऱ्या गरिबांवर निर्बंध आले, आणि 1878 च्या जंगल कायद्याने ते अधिकच आवळले. रान राखावे, परंतु रानात राहणाऱ्यास चोर ठरवू नये, हा धडा त्या कारकीर्दीतूनच घ्यावयाचा आहे.

आता राज्य आपले आहे. वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल ही पदे आपल्याच मुलांसाठी आहेत. वरिष्ठ भारतीय वनसेवेची परीक्षाही त्यांस मोकळी आहे. तरी आमचे सुशिक्षित पालक या नोकरीस रानावनातली वणवण समजून नाक मुरडतात! रोपवाटिका राखणे, समपातळीवर चर खणणे, वणवा विझविणे, वृक्षांची गणती करणे, गावकऱ्यांस विश्वासात घेऊन चराईचे नियम ठरविणे, ही त्या वणवणीची कामे. झाडे माणच्या आभाळातून पाऊस ओढून आणतील असे आम्ही म्हणत नाही. पडलेला पाऊस ती जमिनीत मुरवितात, एवढे पुरे आहे. विहिरीस पाणी नसेल तर बाजारपेठेस गिऱ्हाईक कोठून येणार? ज्या घरातून एक मुलगा वकील व एक वैद्य झाला, त्या घराने तिसरा रानास द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.