देहूचे महाजन तुकोबाराय

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या अंकात गावोगावच्या दुकानदारांची, पाटील-सरपंचांची, अन्नदात्यांची नावं मानानं छापली आहेत. मंडळींनी आम्हाला सांगितलं, एखाद्या थोर दात्याचं चरित्र तुम्ही लिहा. आमची शाळा चौथीपर्यंत, पण जन्म गेला शेतीत आणि कीर्तनात. दाता म्हणताच आमच्या डोळ्यांपुढं तुकोबारायच येतात. संत म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत. आज त्यांना देहूचे दुकानदार आणि महाजन म्हणून बघू.

महाराजांचा जन्म इ.स. 1608 सालचा मानतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले भाऊ सावजी, धाकटे कान्होबा. मूळ पुरुष विश्वंभरबाबा, त्यांच्यापासून घरात विठोबाची पूजा आणि पंढरीची वारी. जात कुणब्याची, धंदा वाण्याचा. घरी शेती, दुकान, सावकारी आणि देहूच्या पेठेची महाजनकी. महाजन म्हणजे बाजाराचा वतनदार. पेठेतला व्यवहार आणि बाजाराची वसुली त्याच्याकडं असायची. गावात त्याच्या शब्दाला वजन असायचं.

सावजींचं मन प्रपंचात रमेना, म्हणून पोरवयातच दुकानाचा भार तुकोबांवर आला. त्यांनी तो नीट चालवला. पुढं आईवडील गेले. वहिनी गेल्या आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. घरात रखमाबाई आणि जिजाबाई अशा दोन बायका, लेकरं, धाकटा भाऊ. सगळ्यांचा पोशिंदा एकटा.

तशात 1630 सालचा दुष्काळ पडला. दख्खन आणि गुजरात दोन्ही मुलूख त्यात होरपळले. माणसं अन्नावाचून मेली, जनावरं दावणीला मेली. महाजनाचं घरही सुटलं नाही. रखमाबाई अन्न अन्न करीत गेल्या. लेकरू संतोबा गेलं. दुकानाचं दिवाळं निघालं. आम्हा शेतकऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पाऊस पडला म्हणून दुष्काळ जात नाही, माऊली. दुसऱ्या साली पेरायला बी नसतं, औताला बैल नसतो आणि मागचं देणं मात्र तसंच उभं असतं.

महाराज डोंगरावर जाऊन बसले. कान्होबा शोधत शोधत गेले आणि त्यांना घेऊन आले. इंद्रायणीच्या काठी दोघं भाऊ बसले. घरातली कर्जाची खतपत्रं बाहेर काढली. लोकांकडून येणं होतं ते सगळं त्या कागदांवर. महाराजांनी त्याचे दोन वाटे केले. अर्धा वाटा कान्होबांना दिला, कारण त्यांचाही संसार होता. आपला अर्धा वाटा उचलला आणि इंद्रायणीत सोडून दिला.

इथं थोडं थांबून बघा. भावाच्या हक्काला महाराजांनी हात लावला नाही. दुसऱ्याच्या वाट्यातून दान करून स्वतः मोठेपणा घेणारे पुष्कळ असतात. महाराजांनी सोडलं ते फक्त स्वतःचं. आणि सोडलं कधी? घरात भरभराट असताना नव्हे. दिवाळं निघालेलं असताना. गरज त्यांनाही होती, पण ऋणकऱ्याच्या घरात काय उरलंय हे त्यांनी आपल्या घरावरून जाणलं. मग वडिलोपार्जित विठ्ठलाचं पडकं देऊळ त्यांनी अंगमेहनतीनं उभं केलं.

यात जिजाईंना विसरू नये. भांडल्या, रागावल्या असं सांगतात. पण ती माउली भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन चढायची. चूल तिनं पेटती ठेवली म्हणून महाराजांचं भजन चाललं. आणि संताजी जगनाडे हे तेली. घाणा चालवणारा माणूस, त्यांनी महाराजांचे अभंग लिहून ठेवले. धंदेवाईक माणसानं समाजासाठी काय करावं, तर असं.

शके 1571 च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज वैकुंठाला गेले. पुढं 1685 साली त्यांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराजांनी पालखी सोहळा सुरू केला. आज आपण त्याच वाटेनं चालतो.

आता आमचं मागणं. दिंडीला तेलाचा डबा, गुळाची ढेप देणाऱ्याला आपण नारळ आणि शाल देतो, ते योग्यच आहे. पण ज्या दुकानदारानं दुष्काळात गरिबाची उधारी बंद केली नाही, ज्या गिरणीवाल्यानं विधवेचं दळण फुकट दिलं, ज्या पुढाऱ्यानं टँकर आधी आपल्या दारात न नेता वस्तीवर नेला, त्यांची पावती कुणी फाडलेली नसते. वहीत न लिहिलेलं हे दान गावाला ठाऊक असतं. त्यांना शोधा, विण्याजवळ उभं करा आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवा. तुकोबारायांच्या वाटेवरचे खरे महाजन तेच. रामकृष्ण हरी.