दोनदा नाकारलेली सुटका

ख्रिस्तात मनुष्य मोकळा होतो तो दुसऱ्यासाठी, असे डीट्रिक बॉनहोफर बर्लिनला आपल्या विद्यार्थ्यांना शिकवीत. जून १९३९ मध्ये हे जर्मन पाळक न्यूयॉर्कला सुखरूप पोहोचले. परंतु हिटलरच्या जाचातील मंडळीला सोडून राहणे त्यांना मानवेना. जुलैत ते परतले. पुढे हिटलरविरोधी गटाशी असलेल्या संबंधांमुळे एप्रिल १९४३ मध्ये टेगेलचा तुरुंग नशिबी आला. ऑक्टोबर १९४४ मध्ये एका पहारेकऱ्याच्या साह्याने पलायनाची सिद्धता झाली, तोच थोरले बंधू क्लाऊस पकडले गेले. आपण निसटलो तर घरच्यांवर सूड उगवला जाईल, हे ओळखून त्यांनी बेत मोडला. न्यूयॉर्क सोडण्याहून हे कठीण असावे. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग छावणीत, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांना फाशी दिली गेली. दोन आठवड्यांनी बर्लिनमध्ये क्लाऊस यांनाही गोळ्या घालण्यात आल्या.