रेनकोटचा जनक : चार्ल्स मॅकिन्टॉश

पावसाळा आला की मुलांच्या दप्तरात रेनकोट जातो. पण पाणी न झिरपणाऱ्या कापडाची ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

चार्ल्स मॅकिन्टॉश यांचा जन्म १७६६ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. वडिलांचा रंगाचा कारखाना होता. चार्ल्स आधी कारकून झाले, पण मन रमलं रसायनांत. विशी गाठण्याआधीच त्यांनी नोकरी सोडली आणि रसायनं बनवण्याचा उद्योग सुरू केला.

त्या काळी दिव्यांसाठी दगडी कोळशापासून गॅस तयार करत. रंग बनवायला अमोनिया हवा म्हणून चार्ल्स गॅस कारखान्यातला टाकाऊ माल विकत घ्यायचे. त्यात काळं डांबरही यायचं. त्याचं करायचं काय? या डांबरापासून नॅफ्था नावाचा द्रव मिळतो आणि त्यात रबर विरघळतं. चार्ल्स यांनी ते पातळ रबर दोन कापडांच्या मध्ये लावलं आणि कापडं एकमेकांवर दाबली. झालं जलरोधक कापड! १८२३ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. हे कापड थंडीत कडक व्हायचं, उन्हात चिकट व्हायचं, वासही यायचा. शिंप्याने शिवलं की सुईच्या भोकांतून पाणी आत! शेवटी त्यांच्या कंपनीने मँचेस्टरला स्वतःच कोट बनवायला घेतले. त्यांचे भागीदार थॉमस हॅनकॉक यांनी रबरात गंधक मिसळून ते तापवलं, तेव्हा कडक-चिकट होण्याचा दोष गेला. हॅनकॉक यांनी पेटंटसाठी अर्ज केला नोव्हेंबर १८४३ मध्ये. चार्ल्स मात्र त्याच वर्षी जुलैमध्ये वारले होते. ब्रिटनमध्ये आजही रेनकोटला मॅकिन्टॉश किंवा नुसतं ‘मॅक’ म्हणतात.

एक प्रयोग सुचवतो. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन म्हणजेही विरघळलेलं रबरच. मोकळ्या हवेत, तुम्ही स्वतः ते दोन चिंध्यांच्या मध्ये लावा आणि वाळू द्या. मग मुलांना वर पाणी ओतू द्या. नंतर सुईने भोकं पाडा, पुन्हा ओता आणि विचारा : आता काय करायचं? उत्तर लगेच सांगू नका. चार्ल्स यांनाही ते लगेच सापडलं नव्हतं.