पंडिता रमाबाई आणि एका ग्रीक शब्दाचा अर्थ

‘पश्चात्ताप’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! पण त्याच्या पोटात काय आहे, हे कधी पाहिले आहे का? पश्चात् म्हणजे नंतर आणि ताप म्हणजे होरपळ. मागे घडलेल्या गोष्टीसाठी जळत राहणे, असा त्याचा अर्थ.

बायबलमध्ये मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील पंधराव्या वचनात येशू लोकांना पश्चात्ताप करण्यास सांगतो, असे आपण मराठीत वाचतो. मूळ ग्रीक क्रियापद ज्या नामाशी जोडलेले आहे, ते ‘मेटानोइया’. त्यातल्या ‘मेटा’चा रोख बदलाकडे आहे, तर ‘नूस’ म्हणजे मन. मनच पालटणे, जीवनाची दिशा वळवणे! मराठी शब्दाची नजर मागे आहे, ग्रीक शब्दाची पुढे.

असे अंतर ओळखण्यासाठी मूळ भाषा शिकलेली एक स्त्री महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाई. जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या आईने रमेला. दुष्काळात आई-वडील गेले. भावासोबत पायी भारत फिरत त्या 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती म्हणून गौरवले. 1880 मध्ये विवाह झाला आणि 1882 मध्ये, कडेवर तान्ही मनोरमा असताना, वैधव्य आले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले, पुढे केडगावला मुक्तिसदन उभे केले. तिथे आलेल्या कित्येक बालविधवांना पती गेला तो तुझ्याच पापाने, असे ऐकवले गेले होते. विचार करा, अशा मुलीला आणखी जळायला सांगून काय साधणार? तिला हवी होती नवी वाट.

जुनी मराठी भाषांतरे रमाबाईंना जड वाटत. नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिला गेला तो सामान्यांच्या बोलीत. मग शेतावर राबणाऱ्या बाईला तो कळायला नको का? संस्कृतच्या या पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच खिळे जुळवले, पाने छापली.

1921 मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. रमाबाईंची प्रकृती ढासळली होती, तरी काम थांबले नाही. ते शेवटाला नेऊन 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

वाचकहो, आपल्याही मनात एखादी जुनी चूक धुमसत असेल. तिच्या आचेत बसून राहू नका. ती आठवून रडलो किती, यापेक्षा आपण वळलो का, हे आज स्वतःला विचारा.