बाबूराव पेंटर आणि त्यांचा कॅमेरा

सिनेमा किंवा मालिका सुरू झाली की पडद्यावर आधी काय दिसतं? एक चिन्ह आणि एका कंपनीचं नाव. ते आपण नीट वाचतही नाही. पण पैसे उभे करणं, माणसं जमवणं, सेट बांधणं ही सगळी कामं तीच कंपनी करते. तिला निर्मिती संस्था म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका चित्रकाराने अशी संस्था काढली. त्याची गोष्ट आज वाचूया.

त्यांचं खरं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूरचा. घर कारागिरांचं. चित्रकला ते कुठल्या कॉलेजात शिकले नाहीत, बघून बघून आणि करून करून शिकले. भाऊ आनंदरावांबरोबर ते नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवायचे. नाटकात राजवाडा हवा असेल तर मागे राजवाड्याचा पडदा, जंगल हवं असेल तर जंगलाचा. हे पडदे इतके गाजले की लोक दोघांना पेंटर म्हणू लागले, आणि तेच आडनाव होऊन बसलं.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो पाहून दोघा भावांना वाटलं, आपणही सिनेमा काढायचा. पण कॅमेरा? तो परदेशातून यायचा आणि फार महाग असायचा. मग त्यांनी ठरवलं, कॅमेराच घरी बनवू!

तुमच्या फोनमध्ये कॅमेरा आहे, म्हणून हे किती अवघड होतं ते लगेच कळणार नाही. त्या काळच्या कॅमेऱ्यात फिल्मची लांब पट्टी असायची. पट्टीच्या कडेला बारीक भोकं. हँडल फिरवलं की पट्टी थोडीशी पुढे सरकायची, क्षणभर थांबायची, तेवढ्यात झडप उघडून चित्र उमटायचं, आणि पट्टी पुन्हा पुढे. हे एका सेकंदात पंधरा-सोळा वेळा! एक दाता जरी चुकला तरी पडद्यावरचं चित्र थरथरणार.

काम अर्धवट असतानाच, १९१६ साली, आनंदराव वारले. बाबूराव एकटे पडले. पण त्यांनी काम सोडलं नाही. दामले नावाच्या हुशार सहकाऱ्याला बरोबर घेऊन ते जोडत राहिले, मोडत राहिले. १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. तानीबाई कागलकर यांनी पैशांची मदत केली आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली आला. तो मूकपट होता, म्हणजे त्यात आवाज नव्हता. त्या काळात रंगभूमीवर पुरुषच साडी नेसून स्त्रीची भूमिका करायचे. बाबूरावांनी मात्र या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षक घाबरले, आणि तो कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

१९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. यात देव नाहीत, राजे नाहीत. एक गरीब शेतकरी आहे. कर्जापायी त्याची जमीन सावकाराकडे जाते आणि तो शहरात गिरणीत मजूर होतो. देवादिकांच्या चित्रपटांना व्हायची तशी गर्दी याला झाली नाही. पण साध्या माणसाचं दुःखही पडद्यावर दाखवता येतं, हे यातून दिसलं. त्यात तरुण शेतकरी झाला होता शांताराम नावाचा मुलगा. पुढे तोच व्ही. शांताराम म्हणून प्रसिद्ध झाला.

बाबूरावांच्या कंपनीत एकाला एकच काम नसायचं. सेट बांधा, रंगवा, फिल्म धुवा, गरज पडली तर अभिनयही करा! त्यामुळे तिथली मुलं सगळंच शिकली. आणि शिकलेली मुलं एक दिवस आपली वाट धरतात. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले आणि कोल्हापुरातच त्यांनी ‘प्रभात फिल्म कंपनी’ सुरू केली. हाताखाली वाढलेली सगळ्यात चांगली माणसं एकदम गेली. विचार करा, बाबूरावांना काय वाटलं असेल? थोड्याच वर्षांत बोलपट आले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली.

प्रभात मात्र पुण्याला गेली, मोठी झाली. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ साली इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. प्रभातच्या जागेत आज सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. देशभरातली मुलं तिथे सिनेमा शिकतात.

बाबूरावांनी पुढे थोडे बोलपट केले. १९३६ साली ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, या वेळी आवाजासह. चित्रं आणि शिल्पंही ते करत राहिले. १६ जानेवारी १९५४ रोजी ते वारले.

त्यांची कंपनी जेमतेम बारा-तेरा वर्षं चालली. मग ती यशस्वी म्हणायची की नाही? घरी आई-बाबांशी, आजी-आजोबांशी यावर मराठीत बोला. मग खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. बाबूरावांना ‘पेंटर’ हे नाव कसं पडलं?
२. त्यांनी कॅमेरा विकत का घेतला नाही?
३. शिष्य सोडून गेले, हे तुम्हाला बरोबर वाटतं का? पाच वाक्यं लिहा.