सुट्या पैशांच्या टंचाईतील चलनाचे कारभारी

सोलापूर : दुसऱ्या महायुद्धात देशभर सुट्या पैशांची टंचाई झाली. मोड नसल्याने दुकानदार गिऱ्हाइकाच्या हाती बिल्ला, चिठ्ठी किंवा पोस्टाचे तिकीट ठेवू लागले. काठेवाड व राजपुतान्यातील काही संस्थानांनी तर पुठ्ठ्याची कुपने काढली. पैसा-पैशाने बाजार करणाऱ्या सोलापूरसारख्या गिरणगावांना अशा टंचाईची झळ अधिक. कारण बिल्ला चालणार तो एकाच दुकानात. या कठीण काळात देशाच्या चलनाचा भार वाहिला तो चिंतामणराव देशमुख यांनी.

रायगडाजवळील नाते येथे १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले येऊन त्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. केंब्रिजला शिकून १९१८ मध्ये ते आयसीएस परीक्षेतही पहिले आले. मध्य प्रांत व वऱ्हाडातील सेवेनंतर १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत दाखल झाले.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडताच घाबरलेल्या लोकांनी नाणी घरात दडविली. गरजेपेक्षा अधिक नाणी बाळगणे सरकारने गुन्हा ठरविले, एक रुपयाची नोट काढली आणि रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. १९४३ मध्ये तांबे वाचविण्यासाठी भोकाचा पैसा आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशमुख बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. युद्धखर्चामुळे नोटा सुमारे सहापट वाढल्या, महागाई भडकली. तरीही नोटेवरील विश्वास टिकवून ठेवण्याचे अवघड काम त्यांना करावे लागले. १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत त्यांनी भारताची बाजू मांडली.

१९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५५ मध्ये, दशमान नाण्यांचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून नवा पैसा चालू लागला. तेव्हा मात्र ते मंत्रिमंडळात नव्हते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या धोरणाच्या निषेधार्थ त्यांनी १९५६ मध्येच राजीनामा दिला होता.

पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. कालिदासाच्या मेघदूताचा मराठी पद्यानुवाद करणारा हा संस्कृतप्रेमी अर्थतज्ज्ञ २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे निवर्तला.

दुकानदाराचा बिल्ला त्याच्या पतीवर चालतो, देशाचे नाणे देशाच्या पतीवर. ती पत जपणारा हा मराठी माणूस स्वतःचा शब्द राखण्यासाठी पदही सोडू शकला, हे विसरता येणार नाही.